बर्फात सगळं मरतं म्हणे!

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. सैबेरियातला बर्फ वितळतोय, हजारो वर्षांचे ‘झोंबी विषाणू’ उठणार, आता आपलं काही खरं नाही. आणि अर्ध्या तासात त्याच ग्रुपवर, "संध्याकाळी रसवंतीवर कोण कोण येतंय?" मी म्हटलं, बर्फ नको घालायला सांगा. तर उत्तर आलं, "बर्फात सगळं मरतं हो." डोकंच फिरलं!

माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात काविळीने झोपला. हेपटायटिस ए. डोळे हळदीसारखे पिवळे. ताई रडत एकच सांगायची, "अगं, पाणी घरचंच नेतो तो." पाणी घरचं, पण व्हेकेशन बॅच सुटली की रोज उसाचा रस! तिला त्या गाडीपाशी नेऊन दाखवलं. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी फुटपाथवर टेकलेली, टोच्याने फोडताना खाली पडलेला तुकडा बादलीत विसळून सरळ ग्लासात.

सैबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतून फ्रेंच शास्त्रज्ञांनी ३०,००० वर्षांपूर्वीचा विषाणू २०१४ मध्ये जागा केला, पुढे ४८,५०० वर्षांपूर्वीचाही. खरं आहे. पण त्यांची लागण अमीबा या एकपेशी जीवाला होते, माणसाला नाही. १९१८ च्या फ्लूने गेलेल्यांची प्रेतं अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीतून १९५१ मध्ये उकरली, फुप्फुसातला विषाणू वाढवून पाहिला, वाढला नाही. फ्लूच्या विषाणूला चरबीचं वेष्टण असतं, असले विषाणू गोठण्या-वितळण्यात लवकर मोडतात. हेपटायटिस ए आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस यांना ते वेष्टणच नाही. बर्फात ते आरामात टिकतात. एनआयव्ही, म्हणजे विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, ज्या पुण्यात आहे त्या पुण्याला हे सांगावं लागतं! प्रयोगशाळेत विषाणू जपायचा तर उणे ८० अंशांना गोठवूनच ठेवतात ना?

भाच्याला बर्फानेच झालं हे सिद्ध करता येणार नाही, मान्य. लक्षणं दिसायला महिना जातो, तोवर कुठे काय खाल्लं कोणाला आठवतंय? पण पोरगं सुट्टीभर अंथरुणात होतं. आमरसाची वाटी समोर आली की तोंड फिरवायचं.

रसवाल्यावर राग नाही माझा. उन्हात दिवसभर उभा असतो बिचारा, पहाटे जी लादी येईल ती घेतो. राग आहे तो लादी बनवणाऱ्यांवर आणि तपासणाऱ्यांवर. खाण्याचा नसलेला बर्फ निळा हवा, हा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळी लादी पाहिलीत कधी? मी नाही पाहिली.

हेपटायटिस एची लस मिळते. पोरांच्या डॉक्टरांना विचारा, परवडत असेल तर देऊन टाका. आणि रस बिनबर्फाचाच मागा, आलं-लिंबू जास्त घालून. कोणी नाही म्हणत नाही.