माझं उदाहरण देऊ नका

पावसाळा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक फोटो येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाचा. अमुक धबधबा बंद, तमुक गडावर जमावबंदी, धरणाच्या भिंतीवर फिरकायचं नाही. त्याखाली ताईचा अंगठा. मग पाच मिनिटांनी फक्त मला वेगळा मेसेज : "तू तरी सांग गं त्याला. तुझं उदाहरण दे."

'त्याला' म्हणजे माझ्या भाच्याला. वय चोवीस, पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार सह्याद्रीत. आणि 'माझं उदाहरण' म्हणजे माझा कमरेचा पहिला मणका.

मी स्वित्झर्लंडमध्ये राहते. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत इथल्या लेन्झरहाइडला मी स्की करताना पडले. उतार लाल खुणांचा होता, म्हणजे मध्यम. निळा सोपा, काळा अवघड. सात वर्षं स्की करत होते, हेल्मेट होतं, दारू प्यायले नव्हते. (हे तिन्ही प्रश्न मला नंतर इतक्यांदा विचारले गेलेत की आता उत्तरं आधीच देऊन टाकते.) दुपारचे साडेतीन वाजले होते आणि ढग खाली उतरले होते. अशा वेळी बर्फावर सावली पडत नाही. खळगा आणि उंचवटा एकाच दुधी रंगात मिसळून जातात. डोळ्यांना काही कळायच्या आत पायाखालची जमीन गेली, कडेच्या टणक बर्फावरून मी घसरले आणि पाठीवर आदळले.

दुखलं नाही. त्याचंच मला बरं वाटलं, इतकी मी अडाणी.

एक अनोळखी माणूस थांबला. आपल्या स्की काढून त्याने माझ्यापासून चढाच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवल्या. खाली कुणीतरी पडलंय, बाजूने जा, अशी ती खूण असते. नाव विचारलं नाही, सांगितलं नाही. स्वतःचं जाकीट माझ्यावर घातलं आणि गस्तीची माणसं येईपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला : "हलू नका." मग हवा काढली की दगडासारखी घट्ट होणारी गादी, मग लाल हेलिकॉप्टर. आत डॉक्टर माझ्या पायाचं एकेक बोट दाबून विचारत होती, आता कुठलं? मी अंदाजाने सांगत होते. अंदाजाने सांगतेय हे तिला कळत होतं.

मणका चुरला होता. पाठीत दोन सळ्या आणि स्क्रू आले. मज्जातंतू पूर्ण तुटले नव्हते, त्यामुळे मी आज चालते, पण डावं पाऊल घोट्यातून वर उचलत नाही, लोंबतं. बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, नाहीतर दर चार पावलांनी अंगठा जमिनीला अडतो. दवाखाना आणि पुनर्वसन मिळून चौदा आठवडे झाले.

त्या चौदा आठवड्यांत एकाही स्विस माणसाने मला "कशाला गेली होतीस?" असं विचारलं नाही. कुठल्या उतारावर, बर्फ कसा होता, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) सुटलं का, हे विचारलं. आणि साताऱ्याहून आलेल्या प्रत्येक फोनची सुरुवात मात्र तिथूनच. मावशी, काकू, शाळेतली मैत्रीण, बाबांचे मित्र. "एवढ्या लांब शिकून-सवरून गेलीस ती हे करायला?" मला त्याचा फार राग यायचा. इकडचे लोक मोकळ्या मनाचे आणि आपले लोक कोत्या मनाचे, असा सोपा निकाल मी पडल्यापडल्या लावूनही टाकला होता.

तो निकाल चुकीचा होता. मला ते कळलं विमा कंपनीच्या पाकिटातून.

स्वित्झर्लंडमध्ये एका मालकाकडे आठवड्याला किमान ८ तास काम करणाऱ्या प्रत्येक नोकरदाराचा अपघात विमा सक्तीचा आहे, आणि तो फक्त कामावरच्या अपघातापुरता नाही. रविवारी डोंगरावर पडलात तरी लागू. त्याचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. हा कायदा १९८४ पासून चालू आहे. उपचाराचा खर्च विमा भरतो, आणि तिसऱ्या दिवसापासून पगाराचे ८० टक्के मिळतात. मला आलेला फॉर्म दोन पानांचा होता. उतार खुला होता का, खुणा होत्या का, एकट्या होतात का. कशाला गेला होतात, हा रकाना त्यात नव्हता.

हेलिकॉप्टरचंही तसंच. रेगा ही इथली हवाई बचाव संस्था १९५२ पासूनची, आणि तिला वर्षाला काही फ्रँक देणारे ३५ लाखांहून जास्त लोक आहेत. देशाची लोकसंख्या ९० लाख. म्हणजे आपण किंवा आपलं पोर कधी ना कधी डोंगरावर पडणार, हे या लोकांनी आधीच गृहीत धरलंय आणि त्याची वर्गणी काढून ठेवलीय. स्विस माणूस मनाने मोठा वगैरे काही नाही हो. शेजाऱ्याने रविवारी काचेच्या बाटल्या पुनर्वापराच्या डब्यात टाकून आवाज केला तर तो चिठ्ठी लिहितो. माझ्या पाठीच्या कण्याबद्दल तो काही बोलला नाही, कारण त्याचा हिशेब आधीच चुकता झाला होता.

आपल्याकडे तो हिशेब घरावर येतो. दादाचा पगार, आईचे दागिने, बहिणीची रजा, वहिनीचं रात्रीचं जागरण. ज्यांना हे सगळं उभं करावं लागतं त्यांना "कशाला गेलीस?" विचारायचा हक्क आहे, असं मला आता वाटतं. तो प्रश्न म्हणजे त्यांची पावती आहे.

म्हणूनच बंदीच्या वादात मी अडकते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, मी पुन्हा पाहणार नाही. लगेच मनाईहुकूम निघाले. त्यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, पावसाळ्याचे चार महिने बंदच ठेवा सगळं. दुसरा म्हणे, मग पोरांनी मॉलमध्ये जायचं का? दोन्ही तट एका गोष्टीबद्दल मात्र गप्प होते : पडलेल्याला दरीतून वर कोण आणतं? लोणावळ्यात ते काम 'शिवदुर्ग मित्र' या बचाव संस्थेची मुलं करतात, आपापले कामधंदे टाकून, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन. बंदीचा आदेश काढायला एक कागद लागतो. दोरखंड, प्रशिक्षण, त्या मुलांच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई, याला दरवर्षी पैसा लागतो.

"म्हणजे तिकडे कुणी कसाही मूर्खपणा केला तरी पैसे मिळतात?" असं भाऊजींनी मला विचारलं. नाही मिळत. हिमस्खलनाचा इशारा धुडकावून, खुणांच्या बाहेर, बेफाम गेलात, तर इथला विमा रोख भत्ता निम्मा करू शकतो, फारच गंभीर असेल तर नाकारूही शकतो. उपचार मात्र थांबत नाहीत. मूर्खपणाला किंमत आहे, पण ती किती आणि कुठे लागणार हे आधी लिहून ठेवलंय. दवाखान्याच्या कॉटजवळ बसून ठरवलं जात नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर ताई म्हणेल मी तिकडची वकील झाले. ही सोय नोकरदाराची आहे. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन घरी बसलेल्या माझ्या मैत्रिणीला अपघात झाला असता तर आरोग्य विम्यातून उपचार झाले असते, सुरुवातीची ठरलेली रक्कम खिशातून गेली असती आणि भत्ता शून्य. आणि दुसरं म्हणजे, त्या चौदा आठवड्यांत माझ्या कॉटशेजारी बसून उगाच कुणी गप्पा मारल्या असतील तर त्या चार मराठी बायकांनी, विंटरथूरहून गाडी बदलत, डब्यात मेतकूट-भात घेऊन आलेल्या. त्या चौघींनीही पहिलं वाक्य तेच म्हटलं होतं. कशाला गं गेलीस. आणि मग एकीने माझे केस विंचरून दिले. इथला सहकारी फुलं आणि सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवतो. केस विंचरायची वर्गणी कुणी काढलेली नाही.

घरी आल्यावर आणखी एक त्रास सुरू झाला, त्याला मी अजून तोंड देतेय. ताईने मला मुरलीकांत पेटकरांचा लेख पाठवला. सांगलीकडचे, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले, १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक. खाली ताईची ओळ : "बघ. मनात आणलं तर काहीही होतं." अर्जुन पुरस्कार त्यांना जानेवारी २०२५ मध्ये मिळाला, हे तिने वाचलं नसावं. त्यांनी मनात आणलं होतंच. आपण मनात आणायला ५२ वर्षं घेतली.

लेन्झरहाइडलाच डोंगरावर एक हॉटेल आहे, सिल्वानो बेल्ट्रामेट्टीने चालवलेलं. स्विस संघाचा स्कीपटू, डिसेंबर २००१ मध्ये फ्रान्सच्या व्हाल दिझेरला शर्यतीत सुरक्षेची जाळी फाडून बाहेर फेकला गेला, दोन्ही पायांनी लुळा झाला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पुढे लेन्झरहाइडला ते हॉटेल चालवलं आणि तिथल्या स्की शर्यतींच्या आयोजनातही पडला. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला त्याच्याबद्दल सांगितलं ते प्रेरणा म्हणून नाही. म्हणाली, तिथे वर चाकाची खुर्ची जाते, रविवारी जाऊन जेवून ये.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे अपघातातून वाचलेल्या माणसाला दोनच नोकऱ्या मिळतात. एकतर पोरांना भीती घालायची, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगमध्ये जिद्दीवर बोलायचं. साताऱ्याला मागच्या दिवाळीत आले तर दोन्ही ऑफर आल्या. "दुसरा जन्म झाला तुझा" असं काकू म्हणाल्या आणि मला तिसऱ्या मजल्यावर फराळाला बोलावलं. लिफ्ट नाही. कठडा डाव्या हाताला, आणि दुसऱ्या मजल्यानंतर तोही नाही. दुसरा जन्म कसला काकू, तोच आहे, फक्त जिना चढायला बारा मिनिटं लागतात. चिरोटे उत्तम होते. उतरताना मी बसून उतरले, एकेक पायरी, आणि खालच्या मजल्यावरचं एक पोरगं माझ्याबरोबर मजेत तसंच उतरलं.

यंदा ताईचा मेसेज आला तेव्हा मी भाच्याला फोन केलाच. उदाहरण दिलं नाही. तुझी पॉलिसी काढ म्हटलं. भारतात आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये साहसी खेळांचं एक कलम असतं : गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, राफ्टिंग वगैरेत 'व्यावसायिक म्हणून' भाग घेताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. हौशी ट्रेकर त्यात बसत नाही. मी त्याला तेच समजावत होते, तर तो मध्येच थांबला.

"मावशी, मी महिन्यातून एकदा ग्रुपचा लीडर म्हणून जातो. माणशी शंभर रुपये मिळतात. ते व्यावसायिक होतं का गं?"

मला ठाऊक नव्हतं. त्याने कंपनीच्या विमा डेस्कला लेखी विचारलंय. तोवर लीडर म्हणून जाणार नाही म्हणतोय. ताईला वाटतंय माझ्या उदाहरणाचा परिणाम झाला.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, "तू परत घातल्यास का स्की?"

घातल्या. मार्चमध्ये, चार-पाच वर्षांची पोरं शिकतात त्या उतारावर, जिथे वर न्यायला सरकता पट्टा असतो. बूट चढवायलाच मला वीस मिनिटं लागली. पण स्कीचा बूट घोट्यापासून नडगीपर्यंत इतका कडक असतो की पाऊल लोंबायला जागाच राहत नाही. माझ्याकडच्या सगळ्या पादत्राणांमध्ये तो एकच जोड असा आहे की ज्यात मला पट्टी लागत नाही. हे ताईला अजून सांगितलेलं नाही.