फाल्दाचं छापचित्र खोटं का नाही

नमस्कार,

तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. जोव्हान्नी बात्तिस्ता फाल्दा या इटालियन चित्रकाराच्या छापचित्रांना, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून कागदावर छापलेल्या चित्रांना, मी सतराव्या शतकातल्या रोमचा पुरावा म्हटलं. तुमच्या मते ही पोपची जाहिरातबाजी आहे. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चसमोरच्या चौकाच्या चित्रात तर नसलेलं बांधकाम दाखवलंय आणि घुमट मुद्दाम उठून दिसेल असा काढलाय.

जाहिरात होतीच. फाल्दाच्या १६६५च्या चित्रसंग्रहाच्या लांबलचक शीर्षकातच पोप सातव्या अलेक्झांडरचं नाव आहे. पण म्हणून तो पुरावा उरत नाही, हे मला अजिबात पटत नाही.

चौकाचा वास्तुकार बेर्निनी, त्याच्या दोन वक्र स्तंभरांगांच्या मध्ये, चर्चच्या बरोबर समोर, फाल्दा तिसरी रांग दाखवतो. ती कधीच उभी राहिली नाही, हे खरं. पण चित्र निघालं तेव्हा चौकाचं काम चालू होतं आणि ती रांग बेर्निनीच्या आराखड्यात होती. मे १६६७मध्ये पोप वारले आणि ती बारगळली. पुढे मुसोलिनीच्या काळात समोरची दाट वस्ती पाडून रुंद रस्ता काढला, त्यामुळे आज ती बाजू सताड उघडी आहे. बेर्निनीला चौक तिकडूनही बंदिस्त हवा होता, हे आजच्या फोटोत शोधून सापडणार नाही. फाल्दाच्या चित्रात ते स्पष्ट दिसतं. तुम्ही ज्याला खोटं म्हणता, तोच मला त्या चित्राचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो.

घुमटाचं म्हणाल, तर वास्तुकार मादेर्नोने चर्च पुढे वाढवल्यामुळे जवळ गेलं की दर्शनी भिंत घुमट झाकते. चित्रकार नजर उंचावर नेतो, म्हणून भिंत, घुमट आणि चौक एकत्र मावतात. जमिनीवर उभं राहून ती मांडणी कळतच नाही.

मागचं फिकट ठेवून भव्यतेचा आभास केला, असंही तुम्ही लिहिलंय. ते छापचित्राच्या तंत्राचंच काम आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो खरवडून रेषा ओढायच्या, पत्रा आम्लात सोडायचा; उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातं. लांबच्या रेषा थोड्याच खाल्ल्या गेल्या की त्यांवर वॉर्निश फासून त्या बंद करायच्या आणि पत्रा परत आम्लात. जवळच्या बग्ग्या, माणसं यांच्या रेषा खोल जातात, शाई जास्त धरतात. अंतर दाखवायची ही पद्धत त्या काळी सर्रास होती.

प्रमाण ताणण्याचा आरोप रोमचीच छापचित्रं काढणाऱ्या पिरानेसीवर केलात तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. अठराव्या शतकातल्या त्याच्या चित्रांत माणसं खरोखरच फार लहान होतात, म्हणून इमारती अवाढव्य भासतात.