चार महिने केस वाढवणारा आर्चबिशप

महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, विरोध पेटला आणि २९ जूनला सरकारने तो मागे घेतला. त्याच वर्षी इथे ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्यासाठीची अट पाचाऐवजी दहा वर्षांची करण्याचा प्रस्ताव आला. तिकडे परप्रांतीय, इकडे परदेशी. भांडण एकच: बाहेरचा माणूस आपला कधी होतो? इंग्लंडला हा प्रश्न साडेतेराशे वर्षांपूर्वीही पडला होता, कॅन्टरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडच्या ख्रिस्ती चर्चच्या प्रमुखपदी, थिओडोर आला तेव्हा.

थिओडोर मूळचा टार्ससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, ग्रीक बोलणारा. कॅन्टरबरीचा नियोजित आर्चबिशप विगहार्ड रोममध्ये साथीत दगावला. पोप विटालियनने नेपल्सजवळचा मठाधिपती हेड्रियन याला विचारलं. तो मूळचा आफ्रिकेतला. त्याने स्वतः नकार देऊन अखेर थिओडोरचं नाव सुचवलं. वय ६६. पण पौर्वात्य पद्धतीने त्याचं सगळं डोकं भादरलेलं होतं. रोमन रीतीप्रमाणे भोवती केसांचं कडं ठेवायचं, तर आधी केस हवेत. म्हणून चार महिने थांबणं आलं. २६ मार्च ६६८ ला दीक्षा झाली, २७ मे रोजी तो निघाला आणि बरोबर एक वर्षाने कॅन्टरबरीला पोचला. ग्रीक चालीरीती त्याने चर्चमध्ये घुसवू नयेत, यावर लक्ष ठेवायला हेड्रियनलाच सोबत दिलं होतं. म्हणजे संशय तेव्हाही होता. फरक इतकाच की संशयापायी दार लावून घेतलं नाही.

पुढे दोघांनी मिळून कॅन्टरबरीत शाळा चालवली. लॅटिन, ग्रीक, छंदशास्त्र, खगोल, ईस्टरची तारीख काढण्याचं गणित असे विषय. बायबलमधल्या खरबुजांवरची तिथली टीप वाचण्यासारखी आहे: एकेक फळ ३० पौंडांचं होतं, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या एडेसा शहरात तर अशी होतात की उंटाला जेमतेम दोन पेलतात. खरबूज न पाहिलेल्या सॅक्सन, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज, मुलांना असं शिकवणारा शिक्षक मला फार मोठा वाटतो. या शाळेच्या परंपरेतला एक शब्दसंग्रह नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये आहे. त्यात अवघड शब्दांचे अर्थ अनेक ठिकाणी जुन्या इंग्रजीत दिलेत. परकी भाषा शिकताना पायरी स्वभाषेचीच होती. हिंदीच्या वादात हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सहा वर्षांच्या मुलाची मराठीची पायरी पक्की होण्याआधी तिसरी भाषा लादू नये. आणि दुसऱ्या बाजूलाही सांगायला हवं की दुकानदाराच्या कानाखाली मारून मराठी येत नाही. संध्याकाळचे वर्ग लागतात, शिक्षक लागतात, पुस्तकं लागतात. इथे कायम राहायचं तर बहुतेकांना इंग्रजीची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी आणि २४ प्रश्नांची नागरी परीक्षा द्यावी लागते. ही अट जाचक वाटते, पण निदान काय शिकायचं ते लिहून दिलेलं असतं.

थिओडोरच्या कामाला दुसरी बाजूही आहे. हर्टफर्डच्या धर्मसभेत त्याने दहा कलमं मांडली: ईस्टर सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचा, एका बिशपने दुसऱ्याच्या प्रांतात हात घालायचा नाही, दरवर्षी १ ऑगस्टला सभा भरवायची. भक्त वाढतील तसे बिशप वाढवावेत, हे नववं कलम. त्यावर एकमत झालं नाही, तेव्हा त्याने ते निर्णय न घेता बाजूला ठेवलं. मात्र ६७८ मध्ये उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात बिशप विल्फ्रिडला न विचारता थिओडोरने त्याचा प्रांत तोडला. विल्फ्रिड दाद मागायला थेट रोमला गेला आणि भांडण वर्षानुवर्षं चिघळलं. जिथे संमती घेतली तिथे व्यवस्था टिकली, जिथे घेतली नाही तिथे जखम राहिली. ६७९ मध्ये ट्रेंट नदीच्या लढाईत नॉर्थम्ब्रियाचा राजा एकफ्रिथ याचा भाऊ मारला गेला, तेव्हा रक्ताच्या बदल्यात रक्त न मागता दंड घेऊन नॉर्थम्ब्रिया आणि शेजारचं मर्सिया या दोन राज्यांत तह घडवला, तोही याच परक्या म्हाताऱ्याने.

१९ सप्टेंबर ६९० ला, ८८ व्या वर्षी तो गेला. त्याच्यामागे आर्चबिशप झालेला बर्टवाल्ड तिथलाच होता. हेड्रियननंतर मठ सांभाळणारा अल्बिनस त्याच शाळेत शिकलेला, ग्रीक जाणणारा. आणि इंग्रज चर्चचा इतिहास लिहायला बीड या मठवासी इतिहासकाराला प्रवृत्त करणारा हाच अल्बिनस.