क्लाइंबिंगचा रोप का नाकारला आणि पहिला दिवस जमिनीवर का, याचं उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमची तक्रार दोन गोष्टींची आहे, तुम्ही आणलेला नवाकोरा रोप (दोर) आम्ही लीडला, म्हणजे रोप वाटेतल्या बोल्टना अडकवत वर चढायला, वापरू दिला नाही आणि रेस्क्यू कोर्सचा अख्खा पहिला दिवस जमिनीवर गाठी मारण्यात गेला. दोन्ही खरं आहे, आणि पुढच्या बॅचलाही असंच होणार, का ते सांगतो.

रोप भारी होता यात वाद नाही. पण त्याच्या टोकाच्या लेबलवर ईएन १८९१ (युरोपीय मानकाचा नंबर) आहे म्हणजे तो स्टॅटिक, कमी ताणणारा, आणि लीडला ईएन ८९२ वाला डायनॅमिक, ताणणाराच लागतो. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वरून हात सुटला तर माणूस निदान चार मीटर खाली येतो, तो झटका रोपने ताणून स्वतःत जिरवायचा असतो. टेस्टमधल्या पहिल्या फॉलला डायनॅमिक रोप ४० टक्क्यांपर्यंत ताणलेला चालतो, स्टॅटिक मुळात वजन टाकलं तरी फारसा ताणायचाच नाही असा बनवलेला, म्हणजे मग झटका जातो कुठे, तर तुमच्या कमरेत, पाठीत आणि बोल्टवर. तुम्ही लिहिलंय "हा रोप तुटूच शकत नाही". अहो पण आम्हाला काळजी रोपची नव्हती, तुमची होती.

आता गाठी. "कोणी लटकलं तर बिलेवाला खाली सोडेल, त्यात शिकायचं काय" असं तुम्ही विचारलंय. बिलेवाला म्हणजे खालून रोप सांभाळणारा. रोप ६० मीटरचा आणि क्लाइंबर ३० मीटरच्या वर गेलेला असेल तर खाली सोडायला रोप पुरतच नाही! वरचा बेशुद्ध, त्याचं सगळं वजन तुमच्या हार्नेसवर (कमरेच्या पट्ट्यावर), रोप रोखून धरणारा एक हात ब्रेकवरून काढता येत नाही, अशा वेळी आधी बिले डिव्हाइस (रोप रोखणारं साधन) लॉक करायचं, ताणलेल्या रोपला प्रुसिक (बारीक दोरीचे वेढे, वजन आलं की रोप घट्ट धरणारे) लावायचा, तो अँकरला (पक्क्या आधाराला) मुंटर हिच ही गाठ आणि ती लॉक करणारी म्यूल गाठ मारून बांधायचा, मग वजन हळूच त्याच्यावर द्यायचं आणि मग तुम्ही मोकळे. मुंटर का, तर वजन असतानाही ती सोडता येते, साधी गाठ एकदा आवळली की सुटत नाही. आणि हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच धोका सुरू होतो, तेव्हा गाठ आठवत बसायला वेळ नसतो, हाताला सवयच हवी.

त्या दिवशी तुमच्या प्रुसिकचे वेढे एकमेकांवर चढले होते, वजन टाकल्यावर तो सरकत गेला, आठवत असेल. जमिनीवर होतात म्हणून पुन्हा नीट बांधून बघता आला, आणि नंतरचा तुमचा प्रुसिक खरंच छान धरत होता.

रोप विकू नका. रॅपलिंगला (रोपवरून खाली उतरायला), फिक्स लाइनला (कायम बांधून ठेवलेल्या रोपला) उत्तम आहे, आणि जखमीला वर ओढताना तर कमी ताणणारा रोपच बरा, डायनॅमिकवर प्रत्येक खेचीतली बरीच मेहनत ताणण्यातच जाते. हॉलिंगचा, म्हणजे असं वर ओढण्याचा, सराव तुमचा राहिलाय, या, तो तुमच्याच रोपवर घेऊ.