कंप टाळा

काल दुपारी माझी सहा आठवड्यांची मेहनत भिंतीतल्या एका भोकात गेली. भोक पाडत होते मिस्त्रीकाका. कशासाठी, तर ‘येथे सूक्ष्म काम चालते. कंप टाळा’ ही पाटी लावायला. पाटीसाठी तीन अर्ज मीच केले होते!

त्याच वेळी मी मायक्रोस्कोपखाली ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या जाळीचा, एक थर दुसऱ्यावर टेकवत होते. प्रत्येकाची जाडी एका अणूची, मधला कोन १.१ अंश. ड्रिल घुर्रर्र झालं, थर धरणारा स्टॅम्प थरथरला, वरचा थर सरकून दुमडला. मी किंचाळले.

काका धावत आले. “शॉक बसला का, ताई?”

सांगितलं.

“एक अंश?” कानामागची पेन्सिल खाली आली. “तेवढा तर आमच्या दारात असतोच. लांबी भरायची. नायतर आधी गुण्या लावायचा. फेव्हिकॉल कुठलं?”

“नाही लावत. थर आपोआप चिकटतात.”

“मग निसटणारच की!” एवढ्या दयेने माझ्याकडे माझे गाइडसुद्धा बघत नाहीत.

“पण एवढं करून होतं काय?”

का कोण जाणे, मी सांगत बसले. या कोनाला इलेक्ट्रॉन इतके मंदावतात की त्यांना एकमेकांची अडचण व्हायला लागते. हे गणिताने २०११ मध्येच सांगितलं होतं, अमेरिकेतल्या एमआयटीत प्रत्यक्ष दिसलं २०१८ मध्ये. गेट नावाच्या शेजारच्या इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजने इलेक्ट्रॉन कमी-जास्त करायचे. ठरावीक संख्येला पंगत अशी दाटते की कुणालाच हलता येत नाही, वीज बंद. संख्या जराशी बदलली, की तेच जोड्या जमवून बिनविरोध वाहायला लागतात. अर्थात उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास.

“म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर.”

“नाही हो! रेग्युलेटरने पंखा हळू-जोरात होतो. इथे पंख्याचा फ्रीज होतो.”

काका विचारात पडले. “मग कंडेन्सर बघा.”

आता काय बोलणार? गेट, मध्ये वीज अडवणारं बोरॉन नायट्राइड, खाली ग्राफीन: आमचं सगळं यंत्र म्हणजे एक कंडेन्सरच. हे समितीला पटवायला मला गेल्या वर्षी पाऊण तास लागला होता, आणि तरी एका सदस्यांनी शेवटी विचारलं, “पण याचा उपयोग काय?” थर सरकल्याचं दुःख एकवेळ गिळेन. पण दोन हजारांच्या पाटीला चार महिने आणि आठ सह्या? आणि ती लावायचा मुहूर्त काढताना आत काय चाललंय हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

पाटी लागली. जाताना काकांनी कागद पुढे केला : ‘काम समाधानकारक झाले.’ सही माझीच हवी म्हणे, अर्ज माझा होता ना.

केली.