वय नको, सोय बघा

तरुण मुलं नवं तंत्रज्ञान लगेच उचलतात आणि वयस्कर मागे राहतात, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. आमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस विकणारे साठीपुढचे काकाही क्यूआर कोड लावून बसतात, कारण त्यात त्यांचा तोटा नाही. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदारांकडून एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याबद्दलचं शुल्क, घेतला जात नाही.

उलट भंवरकुआँ भागात भाड्याने राहणारी कोचिंगची मुलं बघा. माझा भाचा त्यांच्यातलाच. इलेक्ट्रिक स्कूटर त्याला मनापासून हवी आहे, पण खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली प्लग नाही आणि मीटर घरमालकाचं. अनेक मॉडेलांची बॅटरी काढून वर नेताही येत नाही. शिवाय जुनी पेट्रोलची गाडी बंद पडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक तासाभरात चालू करून देतो. घरून येणाऱ्या ठरावीक पैशांत महिना काढणाऱ्या मुलाला हेच सर्वांत महत्त्वाचं असतं. अशी मुलं नवी गाडी घेत नाहीत म्हणून त्यांना कृपया उदासीन म्हणू नका. सरकारने सबसिडी गाडीवर दिली तशी भाड्याच्या इमारतींत पार्किंगपाशी प्लग आणि वेगळं मीटर बसवायलाही द्यावी.