कोनशिलेवर साल कोरताना घ्यावयाची काळजी

तुमच्या गावात वाचनालय, तालीम, देऊळ, गेला बाजार बसथांब्याची शेड उभी राहत असेल आणि तिच्यावर कोनशिला बसवायची असेल, तर सालाचा मजकूर ठरवायची घाई अजिबात करू नका. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाने हे काम नुकतंच पार पाडलं. वाचनालय जुनं, छप्पर नवं. मी पडलो इतिहासाचा निवृत्त मास्तर, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात आला. मी लिहून दिलं, ‘स्थापना इ.स. १९२८’. एवढ्याशा मजकुरावर तीन बैठका झाल्या, दोघांचं बोलणं बंद झालं आणि मिरची भज्यांचं बिल वाचनालयाच्या खात्यावर पडलं. हे सगळं ताजं आहे तोवर चार गोष्टी सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी समितीत एक तात्या घ्या. ‘इसवी’ म्हटलं की बाटल्यासारखं वाटतं असा माणूस हवा. आमचे तात्या पहिल्याच बैठकीत उठून म्हणाले, “मास्तर, सरस्वतीच्या दारात येशूचं साल लावताय होय?” मी विचारलं, “तात्या, तुमचा वाढदिवस कधी असतो?” तर म्हणाले, “एक जून की. शाळेत घालताना मास्तरनं लावली ती.” जून महिना रोमच्या जूनो देवीच्या नावावरून आला असं मानतात. जुलैला ज्युलियस सीझर आणि ऑगस्टला ऑगस्टस बसलेलेच आहेत. पण असलं काही बोलू नका. बैठक लांबते आणि भजी गार होतात.

‘इसवी’ हा शब्द मुळात फारसीकडून आला, येशूला अरबीत ईसा म्हणतात म्हणून, हे तर चुकूनही सांगू नका. मी सांगितलं. मग तात्यांना ख्रिस्ती आणि मुसलमानी असे दोन शत्रू एकाच शब्दात सापडले आणि त्यांचा आवाज दुप्पट झाला. म्हटलं, तात्या, पेशव्यांच्या दप्तरातले कागद बघा. वर तारीख आहे ‘छ’ घालून रबिलाखर नाहीतर जमादिलावल असल्या अरबी महिन्याची, आणि साल आहे ‘सबा सबैन मया व अलफ’. सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे अरबी सन ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की आपलं १७७६-७७ निघतं. हा सन मृगाला बदलायचा म्हणून त्याला मृगसाल म्हणत. अरबी आकडे आणि मृगाचा पाऊस एकाच ओळीत! ज्यांनी अटकेपर्यंत घोडी नेली त्यांना साल अरबीत घालताना काही झालं नाही. तात्या म्हणाले, “ते मोठे लोक होते.” यावर काय बोलणार?

विक्रम संवताचा एक माणूस जरूर ठेवा. वाचनालय बसल्या जागी छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनी पुढे सरकतं.

कलियुगाब्दवाला मिळाला तर आणखी उत्तम. ५०२८ साली निघालेलं वाचनालय पंचक्रोशीत दुसरं दाखवा बघू.

शिवशकाची मागणी येईल. १६७४ पासून मोजायचं, विषय संपला. त्याला विरोध करायची कुणाची छाती नसते, म्हणून तो ठराव सगळे टाळ्या वाजवून मंजूर करतात आणि इतिवृत्तात लिहायला विसरतात.

राष्ट्रीय दिनदर्शिकेचं नाव मात्र काढू नका. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने एवढा खल केला, २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, सरकारने शकाचं सौर पंचांग देशाला लागू केलं. आमच्या समितीत मी विचारलं, आज त्याप्रमाणे तारीख काय? अकरा जण छताकडे बघत राहिले. छप्पर नवीन होतं, तेवढंच बरं.

आता बेंगळुरूहून आलेल्या पुतण्याविषयी. प्रत्येक समितीला एक असतो. तो लॅपटॉप उघडतो आणि म्हणतो, “काका, आता जगात कुणी इसवी लिहित नाही. सामान्य युग लिहायचं, कॉमन एरा. सेक्युलर वाटतं.” त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. इंग्रजी ए.डी. ही लॅटिनमधली अक्षरं, अर्थ ‘प्रभूच्या वर्षी’. ज्याचा तो प्रभू नाही त्याने रोज पत्रावर तारीख घालताना त्याला प्रभू का म्हणावं? ज्यू विद्वानांनी म्हणूनच ‘कॉमन एरा’ लिहायला सुरुवात केली, त्यालाही आता शतक उलटून गेलं. पण आपल्या ‘इसवी सना’त प्रभू कुठे आहे रे बाळा? येशूचा सन, एवढंच आहे. जसा अकबराचा इलाही सन, तसा हा ईसाचा. आणि नाव सामान्य ठेवलं तरी वर्ष पहिलं कुठून मोजणार? डायोनिसियस नावाच्या एका साधूने ५२५ साली रोममध्ये बसून ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करताना धरलं तिथूनच. तोपर्यंत वर्षं रोमच्या डायोक्लेशियन बादशहापासून मोजत. त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ केलेला, त्याचं नाव नको म्हणून याने येशूचा जन्म धरला, आणि तोही चुकवला. ज्याच्या राज्यात येशू जन्मला तो हेरोद राजा बहुतेकांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्येच वारला. म्हणजे ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व. वर त्या हिशेबात शून्य वर्ष नाही ते नाहीच. एवढा गोंधळ पोटात घेऊन जग सुरळीत चाललंय, आणि पुतण्या म्हणतो लेबल बदललं की काम झालं. बारशाचं नाव बदललं म्हणून जन्मतारीख बदलते काय?

कन्नड ओळीची काळजी करू नका. ती वर, मोठी, साठ टक्के असणारच आहे. तिच्यात ‘क्रि.श.’ येतं, म्हणजे क्रिस्त शक. ख्रिस्त आणि शक एकाच मांडवात! तीन बैठका ‘इसवी’वर रणकंदन करणाऱ्या तात्यांनी ती ओळ बघितली आणि म्हणाले, “कन्नडात काय ते घाला, आपल्याला काय करायचंय.” आमच्याकडे हे असंच असतं. एक नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ साली आमचा भाग कानडी राज्यात गेला त्या दिवशी, एका रस्त्याला लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्या रस्त्याला काळ्या फिती, कॅलेंडर मात्र दोघांच्या घरात एकच. १९५६ म्हटलं की इसवी की सामान्य, असं कधी कुणी विचारलेलं ऐकलं नाही.

शेवटी ठरलं, शके घालायचं, खाली बारीक इसवी. चला, मी म्हटलं, ठीक आहे. शक हे शब्दाने परकेच, शालिवाहनाचं नाव त्याला कैक शतकांनी चिकटलं, पण बदामीच्या कड्यावर चालुक्यांच्या पहिल्या पुलकेशीने शक ४६५ कोरलंय, म्हणजे ५४३ साल. एवढ्या जुन्या दगडाच्या शेजारी बसायला मिळतंय तर बसू.

आणि इथे माझी महत्त्वाची सूचना. लेबल ठरलं की आकडा तपासू नका.

वाचनालयाचं पहिलं इतिवृत्त माझ्या कपाटात आहे. खाकी कागदाचं वेष्टन, कोपरा कसरीने खाल्लेला, शाई तांबूस पडलेली. पहिल्या पानावर स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलंय, ‘शके १८४९, प्रभवनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी’. वसंत पंचमीला सरस्वतीपूजन करून अकरा पुस्तकांवर वाचनालय सुरू झालं. समितीने काय केलं? १९२८ मधून ७८ वजा केले आणि १८५० काढलं. शके वर्ष पाडव्याला बदलतं. पाडव्याच्या आधी ७९ वजा करायचे, नंतर ७८. माघ पाडव्याच्या आधी येतो हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही, घरात भिंतीवर कॅलेंडर लागतं. मी इतिवृत्त घेऊन गेलो, पान उघडून समोर धरलं. तर मला उत्तर काय मिळालं? “मास्तर, एका वर्षानं काय होतंय? कोण मोजत बसलंय?”

एका वर्षानं काय होतंय! तीन बैठका, दोघांचं बोलणं बंद, येशूपासून शालिवाहनापर्यंत सगळ्यांचा उद्धार, आणि आकडा आला की कोण मोजतंय? कोरणारा बैलहोंगलकडचा, कन्नड माणूस. तो एकटा मला म्हणाला, “सर, इसवी घाला, शके घाला, अक्षराला रेट एकच. वर्ष तेवढं बरोबर सांगा. दगडावर खोडरबर चालत नाही बघा.” त्याला समितीत घेतलं असतं तर एका चहात काम झालं असतं. कोनशिलेवर आता शके १८५० आहे. सोनेरी रंग भरलाय वर.

नाव महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. आपल्या हलशीला सापडलेल्या काकुस्थवर्म कदंबाच्या ताम्रपटात ‘आपल्या विजयाच्या ऐंशीव्या वर्षी’ एवढंच लिहिलंय. कसलं ऐंशीवं, यावर विद्वानांनी किती शाई संपवली असेल! एक शब्द घातला असता तर सुटलं असतं. त्याच हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात पुढच्या कदंबांनी कलियुगाचं ४२७० वं वर्ष कोरलं, म्हणून आपण आज बेधडक ११६९ म्हणतो. ऐहोळ्याच्या शिलालेखात कवी रविकीर्तीने भारतयुद्धापासूनची ३७३५ वर्षंही दिली आणि शकाची ५५६ ही दिली, एकाच श्लोकबंधात, ६३४ साली. दोन्ही मोजण्या दिल्या, भांडण केलं नाही. रविकीर्तीला समिती नव्हती.

आणि माझ्या गावकऱ्यांनो, तुम्हाला आहे. म्हणून आता नीट ऐका, सूचना वगैरे पुरे झाल्या.

देवळाच्या पायरीजवळचा तो दगड आठवतोय ना? वर सूर्य-चंद्र, खाली गाय आणि वासरू, मधे हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड अक्षरं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी सातवीची पोरं घेऊन त्याचा ठसा काढायला बसलो होतो. निम्मा निघाला, ‘शकवर्ष’ एवढं वाचता आलं, मग पाऊस आला. पुढचे आकडे नंतर काढू म्हटलं. तो माझा आळस, कबूल. पण गेल्या वर्षी तुम्ही जीर्णोद्धार केलात, सूर्य-चंद्राला चंदेरी ऑइल पेंट मारलात, आणि आकड्यांवर सिमेंट ओतून ग्रॅनाइटची फरशी घातलीत. मी ओरडलो, तर तुमच्यातलाच एकजण जवळ येऊन हळूच म्हणाला, “कन्नड अक्षरं हाय मास्तर, झाकलेलीच बरी. उगाच पुरावा कशाला?”

पुरावा! आठशे-हजार वर्षांपूर्वी या गावात कुणीतरी जमीन दान दिली, साक्षीला सूर्य-चंद्र ठेवले, आणि तुम्ही तो दगड खटल्यातल्या कागदासारखा लपवता? तो दगड काय कुणाच्या पक्षाचा आहे? तुमचेच पणजे त्या पायरीवर बसून पान खायचे रे. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, पण त्यांनी कधी त्यावर सिमेंट टाकलं नाही. शके शके म्हणून घसा फोडता, आणि गावातला एकमेव शक तुम्ही स्वतःच्या हातांनी गाडलात. लाज वाटत नाही?

रविवारी सकाळी सात वाजता मी तिथं असेन. ती फरशी अलगद उचलायला दोन माणसं लागतील. रंग काढायला छिन्नी आणू नका, लोखंडी ब्रश आणू नका, तात्यांना आणा. आणि कोनशिलेवरच्या त्या १८५० वर मी रोज खडूने काट मारतो. संध्याकाळी ती कोण पुसून जातं, तेही मला माहीत आहे.